खेळावरचा वयाचा शिक्का आणि घरातला राखणदार

(पालकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



चित्रपटगृहात ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट लागला असेल, तर दारावरचा कर्मचारी शाळकरी मुलाला आत सोडत नाही. निदान त्याने सोडू नये, अशी अपेक्षा असते. भारतातील पालकांना ही व्यवस्था कित्येक वर्षे परिचित आहे. मंडळाने चित्रपट पाहावा, त्यास प्रमाणपत्र द्यावे आणि दारावरच्या माणसाने त्या प्रमाणपत्राची बूज राखावी, अशी ही तीन पायऱ्यांची रचना आहे. २०२४ साली या रचनेत आणखी बारकावा आला आणि ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७, १३ व १६ वर्षे असे तीन पोटभेद करण्यात आले.

आता त्याच शाळकरी मुलाच्या हातातील मोबाईलकडे वळावे. त्यावरील प्रत्येक खेळाच्या नावाजवळ एक छोटासा आकडा असतो. कुठे ३, कुठे ७, कुठे १२, कुठे १६, तर कुठे १८. बहुसंख्य पालकांच्या तो दृष्टीसही पडत नाही. ज्यांच्या पडतो, त्यांतील अनेकांना तो खेळाच्या अवघडपणाचा दर्जा वाटतो. वस्तुतः तो वयाचा शिक्का आहे. हा शिक्का कोणी दिला, कशाच्या आधारे दिला आणि त्याची बूज राखण्यासाठी दारावर कोण उभे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक पालकाने समजून घेणे अगत्याचे आहे. कारण पहिल्या दोन पायऱ्या कशाबशा बांधल्या गेल्या असल्या, तरी तिसरी पायरी मोबाईलवर रिकामीच आहे.

शिक्क्याचा जन्म

या शिक्क्याचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. १९९२-९३ च्या सुमारास ‘मॉर्टल कॉम्बॅट’ नावाचा मारामारीचा खेळ तेथील मुलांमध्ये कमालीचा लोकप्रिय झाला. पराभूत प्रतिस्पर्ध्याचा भीषण पद्धतीने शेवट करण्याची सोय हे त्याचे वैशिष्ट्य होते. घरी खेळण्याच्या यंत्रासाठी तो बाजारात आला, तेव्हा निन्टेन्डो कंपनीने रक्ताचा रंग बदलून घेतला. सेगा कंपनीच्या यंत्रावर मात्र सांकेतिक क्रमाने कळा दाबल्या की रक्त दिसू लागे. ‘नाइट ट्रॅप’ नावाच्या दुसऱ्या एका खेळावरूनही गदारोळ उठला. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये जोसेफ लिबरमन आणि हर्बर्ट कोल या दोन सदस्यांच्या पुढाकाराने या विषयाची जाहीर सुनावणी झाली. उद्योगाने स्वतः व्यवस्था उभारली नाही, तर सरकारला कायदा करावा लागेल, असा सज्जड इशारा त्यातून दिला गेला.

त्या इशाऱ्याचे फळ म्हणून १९९४ साली ‘एण्टरटेन्मेंट सॉफ्टवेअर रेटिंग बोर्ड’ म्हणजेच ‘ईएसआरबी’ ही संस्था स्थापन झाली. ती सरकारी नाही. खेळ बनविणाऱ्या उद्योगानेच, सरकारी नियंत्रण टाळण्यासाठी, ती उभी केली. तिचे शिक्के अक्षरांचे आहेत. ‘ई’ म्हणजे सर्वांसाठी, ‘टी’ म्हणजे १३ वर्षांवरील मुलांसाठी, ‘एम’ म्हणजे १७ वर्षांवरील आणि ‘एओ’ म्हणजे केवळ प्रौढांसाठी. शिक्क्याच्या जोडीला हिंसा, रक्तपात, अर्वाच्य भाषा, जुगार, मद्य यांपैकी त्या खेळात काय आहे, याचे थोडक्यात वर्णनही छापलेले असते. युरोपात २००३ पासून ‘पेगी’ नावाची अशीच व्यवस्था चालू झाली. तिने अक्षरांऐवजी ३, ७, १२, १६ आणि १८ हे आकडे स्वीकारले.

व्यवस्था उद्योगाने आपल्या सोयीसाठी निर्माण केली, एवढ्यावरून ती कुचकामी ठरत नाही. मात्र केवळ शिक्का छापल्याने ती उपयोगी झाली, असेही नव्हे. याचा पुरावा अमेरिकेच्याच व्यापार आयोगाने दिला आहे. हा आयोग १३ ते १६ वर्षांच्या मुलांना एकटेच दुकानात पाठवून ‘एम’ शिक्क्याचा खेळ त्यांना विकला जातो काय, याची गुप्तपणे तपासणी करीत असे. २००० साली अशा १०० मुलांपैकी ८५ जणांना खेळ सहज मिळाला. म्हणजे शिक्का होता, पण दुकानदार त्याकडे पाहत नव्हता. पुढे टीका झाली, दुकानांच्या साखळ्यांनी नियम केले, गल्ल्यावरच्या कर्मचाऱ्यांना शिकविले. २०१३ च्या तपासणीत हेच प्रमाण १३ वर आले. शिक्का तोच होता. बदलला तो गल्ल्यावरचा माणूस.

२००५ मधील एक प्रकरणही याच गोष्टीची साक्ष देते. ‘ग्रॅण्ड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ या खेळास ‘एम’ शिक्का मिळाला होता. त्याच्या आत एक अश्लील प्रसंग दडवून ठेवल्याचे नंतर उघडकीस आले. ईएसआरबीने शिक्का बदलून ‘एओ’ केला. त्याबरोबर मोठ्या दुकानांनी तो खेळ फळीवरून उतरविला आणि कंपनीला तो भाग काढून नवी आवृत्ती आणावी लागली. न्यायालयाचा आदेश नव्हता, पोलीस आले नव्हते. विकणाऱ्याने विकण्यास नकार दिला, एवढेच पुरेसे झाले.

कायद्याच्या मार्गाने हेच साधण्याचा प्रयत्न कॅलिफोर्निया राज्याने केला होता. हिंसक खेळ अल्पवयीनांना विकण्यास बंदी घालणारा तेथील कायदा २७ जून २०११ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरविला. खेळ हाही अभिव्यक्तीचा प्रकार असल्याचे न्यायालयाने मानले. हिंसक खेळामुळे मुले प्रत्यक्ष आक्रमक होतात, हे सादर केलेल्या संशोधनातून सिद्ध होत नाही, असेही त्याने नमूद केले. पालकांनी या निर्णयाचा विपरीत अर्थ लावू नये. न्यायालयाने मुलांच्या हाती काहीही द्यावे असे म्हटलेले नाही. निवडीचे दायित्व सरकारकडून पुन्हा घराकडे आले, हा त्याचा व्यावहारिक अर्थ आहे.

मोबाईलवर दुकानदार कुठे आहे?

हा सारा इतिहास खोक्यात बंद केलेल्या तबकड्यांचा आहे. खेळ दुकानातून विकत आणावा लागे, त्यासाठी पैसे लागत आणि पैसे मागण्यासाठी आई-वडिलांकडे जावे लागे. मोबाईलने ही साखळीच मोडून काढली. खेळ फुकट मिळतो, क्षणात उतरवून घेता येतो आणि दुकान मुलाच्या खिशातच असते. रोज नव्याने दाखल होणारे असंख्य खेळ बसून पाहणे कोणत्याही मंडळाला शक्य नव्हते. म्हणून २०१३ साली विविध देशांच्या मंडळांनी मिळून ‘आयएआरसी’ नावाची संयुक्त व्यवस्था उभारली. तिच्यात खेळ बनविणारा एक प्रश्नावली भरतो. हिंसा आहे काय, रक्त दिसते काय, खेळाडूंना परस्परांशी बोलता येते काय, इत्यादी. त्याच्या उत्तरांवरून वयाचा शिक्का आपोआप ठरतो. तक्रार आली किंवा तपासणीत चूक आढळली, तर तो बदलता येतो. भारतातील अँड्रॉइड फोनवर ‘प्ले स्टोअर’मध्ये जे आकडे दिसतात, ते या व्यवस्थेतून आलेले आहेत. ॲपलची पद्धत वेगळी आहे. तिने २०२५ साली आपले वयोगट ४, ९, १३, १६ आणि १८ असे नव्याने आखले.

याचा अर्थ स्पष्ट आहे. चित्रपट भारतातील मंडळ पाहते. मोबाईलवरील खेळाचा शिक्का मात्र मुख्यतः बनविणाऱ्याच्या कथनावर आधारलेला असतो. तो सर्वसाधारणपणे विश्वासार्ह असला, तरी दारावरच्या माणसाची जागा तो घेऊ शकत नाही. फोन वडिलांच्या नावावर असेल, तर दुकानाच्या दृष्टीने खेळ मागणारा चाळीस वर्षांचा गृहस्थ असतो. हातात फोन धरलेला बारा वर्षांचा मुलगा त्या दुकानाला दिसतच नाही.

शिक्का जे सांगत नाही

शिक्का खेळाच्या आशयाविषयी बोलतो. घराघरांतील तक्रारी मात्र बहुधा अन्य तीन गोष्टींविषयी असतात : वेळ, पैसा आणि अनोळखी माणसे.

प्रथम वेळ. खो-खो, विटीदांडू, आट्यापाट्या या खेळांना अंत होता. अंधार पडला की डाव मोडे, गडी आपापल्या घरी जात. मोबाईलवरील खेळाला तिन्हीसांज होत नाही. रोज हजेरी लावल्यास बक्षीस, एक दिवस चुकल्यास नुकसान, मित्र खेळत असल्याची सूचना, अशी त्याची रचना असते. तीन वर्षांच्या मुलास योग्य असा शिक्का असलेला निरुपद्रवी खेळही मुलाची झोप हिरावून घेऊ शकतो आणि तरीही त्याचा शिक्का खोटा ठरत नाही. त्याच वेळी खेळाची आवड असलेले प्रत्येक मूल व्यसनी असते, असेही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘गेमिंग विकार’ आपल्या रोगसूचीत स्वीकारला आणि ती सूची जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळावरील ताबा सुटणे, अन्य सर्व गोष्टींपेक्षा खेळास अग्रक्रम मिळणे आणि हानी दिसत असूनही खेळ चालूच राहणे, ही त्याची लक्षणे होत. सामान्यतः बारा महिने ती टिकून असावी लागतात. सुट्टीतले दोन दिवस पाहून मुलावर रोगाचा शिक्का मारणे हा अन्याय होय.

दुसरी गोष्ट पैशाची. फुकट मिळणारा खेळ आत शिरल्यावर पोशाख, शस्त्रे, नाणी विकतो. काही खेळांत बंद पेटी विकली जाते. तीत काय निघेल हे पैसे दिल्यावरच कळते. जत्रेतल्या सोडतीचेच हे नवे रूप आहे. बेल्जियमने २०१८ साली अशा पेट्यांना जुगार ठरविले. ईएसआरबी आणि पेगी यांनी २०२० साली ‘खेळात खरेदी असून वस्तू नशिबावर अवलंबून आहे’ अशा आशयाची सूचना छापण्यास प्रारंभ केला. म्हणून आकड्याखालची बारीक ओळ वाचणे हे आकडा वाचण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

तिसरी गोष्ट अनोळखी माणसांची. ‘फोर्टनाइट’ या जगप्रसिद्ध खेळास ईएसआरबीचा ‘टी’ शिक्का आहे. म्हणजे तो १३ वर्षांवरील मुलांसाठी आहे. त्या खेळाच्या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जी कारवाई केली, तिचा रोख खेळातील बंदुकींवर नव्हता. लहान मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करणे, मुलांचा अपरिचितांशी बोलण्याचा मार्ग आधीपासूनच खुला ठेवणे आणि कळांच्या फसव्या मांडणीमुळे नको असलेली खरेदी होणे, हे आक्षेप होते. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने एकूण ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. शिक्क्याने आशय बरोबर सांगितला होता. धोका आशयात नव्हताच. तो खेळाच्या मांडणीत होता.

राज्यसंस्थेची शक्ती आणि मर्यादा

मग सरकारने हे सारे थांबवू नये काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. काही देशांनी तो प्रयोग करून पाहिला आहे. दक्षिण कोरियाने २०११ पासून १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळेत संगणकावरील ऑनलाइन खेळ बंद केले. मुलांनी वडीलधाऱ्यांच्या ओळखपत्रांचा आधार घेतला, तर काही खेळ मोबाईलवर गेले. त्यांना हा निर्बंध लागूच नव्हता. अखेर २०२१ मध्ये तेथील सरकारने हा कायदा मागे घेण्याचे ठरविले आणि वेळेची निवड कुटुंबावर सोपविली. चीनने त्याच वर्षी, सप्टेंबर २०२१ पासून, अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा दिली. तेथेही मोठ्यांचे खाते मुलाच्या हाती पडले की नियम संपतो. पळवाट कोरियात आणि चीनमध्ये एकाच जागी सापडते : घरातील मोठ्या माणसाच्या नावात.

भारतातही शासनाने वेळोवेळी पावले उचलली. जानेवारी २०१९ मध्ये विद्यार्थ्यांशी झालेल्या संवादात एका मातेने मुलाच्या ऑनलाइन खेळांची चिंता पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्यापुढे मांडली, तेव्हा त्यांच्या तोंडून सहजच ‘पब्जी’चा उल्लेख आला आणि सभागृहात हशा पिकला, इतका तो खेळ घरोघरी पोहोचला होता. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीसह ११८ ॲपवर बंदी आली. ती मात्र मुलांच्या अभ्यासाच्या कारणास्तव नव्हे, तर देशाचे सार्वभौमत्व आणि सुरक्षा यांच्या कारणास्तव होती. पुढे याच धर्तीचा ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ हा खेळ २०२१ मध्ये आला, २०२२ मध्ये हटविला गेला आणि २०२३ मध्ये परतला. परतताना १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तास आणि इतरांना सहा तास, अशी मर्यादा घालण्यात आली. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीचे तत्त्व स्वीकारले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. अनेक कुटुंबांना कर्जाच्या खाईत लोटणाऱ्या या व्यवसायावरील हा प्रहार स्वागतार्हच होता. तथापि तीन तासांची मर्यादा वडिलांच्या खात्यावर खेळणाऱ्या मुलास लागू होत नाही. संमतीची चौकट न वाचता दाबली गेली, तर कायद्याचे संरक्षणही तेथेच थांबते. राज्यसंस्था वेशीपर्यंत येऊ शकते. उंबरठ्याच्या आत पहारा कुटुंबाचाच.

उंबरठ्याच्या आत

हा पहारा म्हणजे दरारा नव्हे. २०१७ साली ‘ब्लू व्हेल’च्या भीतीने देशभर खळबळ उडाली होती. शासनाने चौकशी केली. २०१८ च्या प्रारंभी, ज्या घटनांचा संबंध या खेळाशी जोडला गेला होता, त्यांपैकी कोणत्याही घटनेत तो सिद्ध झाला नाही, असे संसदेत सांगण्यात आले. त्या काळात किती घरांतून फोन हिसकावले गेले, याची गणती नाही. भयापोटी फोन हिसकावला गेला, की खेळात कोणी धमकावले, पैसे मागितले, छायाचित्र मागितले, तरी मूल घरी सांगत नाही. सांगितले तर फोन जाईल, हे त्याला ठाऊक असते. राखणदाराकडे धावत येता आले पाहिजे. त्याच्यापासून लपावे लागले, तर राखण व्यर्थ होय.

म्हणून काही साध्या गोष्टी प्रत्येक घरात करता येण्याजोग्या आहेत. मुलाचे खाते त्याच्या खऱ्या वयाने उघडावे. ते पालकांच्या खात्याशी जोडण्याची सोय अँड्रॉइड आणि ॲपल या दोहोंत आहे. घरच्या खेळयंत्रांतही आहे. असे केले, की वयाचा शिक्का नुसता दिसत नाही, तर काम करू लागतो. नवा खेळ पालकांच्या अनुमतीवाचून उतरत नाही. प्रत्येक खरेदीपूर्वी पासवर्ड मागितला जाईल, अशी योजना करावी आणि तो पासवर्ड मुलाला सांगू नये. बोलण्याची सोय आरंभी बंद किंवा ओळखीच्या मित्रांपुरती ठेवावी. फोन रात्री मुलाच्या उशाशी न ठेवता दिवाणखान्यात ठेवावा. हा नियम मोठ्यांनाही लागू असावा, अन्यथा त्यास वजन राहत नाही.

वेळेचा नियम करताना खेळाचे स्वरूप जाणून घ्यावे. अनेक सांघिक खेळांत एक डाव वीस ते तीस मिनिटे चालतो आणि तो मध्येच थांबविता येत नाही. नेमक्या आठ वाजता फोन ओढून घेतला, तर मुलाच्या दृष्टीने त्याने चार सवंगड्यांना मैदानात सोडून पळ काढलेला असतो. त्यातून होणारा आकांत हा दर वेळी व्यसनाचा नसतो. ‘आठपर्यंत’ म्हणण्याऐवजी ‘दोन डाव’ असे ठरविले, तर मूल शब्द पाळायला शिकते आणि संघर्षही टळतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आठवड्यातून एकदा तरी वडिलांनी किंवा आईने मुलाशेजारी बसून तो खेळ पाहावा. जमल्यास खेळावा आणि हरावे. खेळातील नियम मुलाने वडिलांना समजावून सांगितले, की दोघांमध्ये एक संवाद सुरू होतो. शिक्का जे सांगत नाही, ते अर्ध्या तासात उलगडते : मूल कोणाशी बोलते, कशावर चिडते, कशासाठी पैसे मागते. ज्या घरात आजी-आजोबा आहेत, तेथे त्यांनाही हा नियम समजावून द्यावा. नातवाचे रडे थांबविण्यासाठी पुढे केलेला आजोबांचा फोन हाच अनेकदा सर्वांत मोठा उघडा दरवाजा असतो. शेजारच्या घरातही चार पालकांनी मिळून एकच मर्यादा ठरविली, तर ‘त्याच्या घरी चालते’ हे उत्तर उरत नाही.

१९९३ च्या त्या सुनावणीपासून ३० वर्षांहून अधिक काळ लोटला. उद्योगाने शिक्का दिला, शासनांनी कायदे केले, न्यायालयांनी निवाडे दिले. यांपैकी प्रत्येकाचे मोल आहे. परंतु दुकानाच्या गल्ल्यावरून तो माणूस उठून गेला आहे आणि ती रिकामी जागा आता घरात आली आहे. तेथे आई-वडिलांनी बसावयाचे आहे. आज रात्री जेवणे आटोपल्यावर मुलाच्या फोनवरील प्रत्येक खेळाचा आकडा आणि त्याखालची बारीक ओळ मुलासह वाचावी. कामाचा आरंभ एवढ्यानेही होतो.